पांगुळगाडा

डॉक्टर म्हणाले, खुबा नवा आहे, बाई जुनीच.
तिला शिकवा: मांडी नाही, उकिडवं नाही,
पायावर पाय नाही, पडलेलं काही वाकून उचलणं नाही.
शेषराव मान डोलवत राहिले.
माझ्या बोलण्यावर छत्तीस वर्षांत
ती इतकी कधी डोलली नव्हती.

सत्तावीस वर्षं अंगणवाडीत जमिनीवर काढली.
तांदूळ निवडले, पोरं तोलली, रजिस्टरं भरली
उकिडवं बसून.
खुबा झिजला तो असा, कोणाला न कळता,
उंबरठा झिजतो तसा, मधोमध.

सावंगीहून गाडी आली तर दारात अर्धं गाव.
"काहो पंचफुलाबाई, लोखंड टाकलं म्हन्तात?"
"पान्याबिन्यात जंगनार तं नाई ना?"
"वंगन लागत असन, आखाले लागते तसं."
मी हसले. हसताना टाके ओढले.

वॉकर ओसरीत उभा केला.
शेषराव म्हणाले, हा तर पांगुळगाडाच,
फक्त चाकं काढून घेतली.

मंगळवारी मडावी येतात मोटरसायकलवर.
टाच आधी, मग बोटं. बाई, खाली नका पाहू.
घोटा हलवा. मांडी आवळा. मोजा दहा.
मी दहा चिंचोके घेतले,
एकेक या वाटीतून त्या वाटीत,
पोरांना शिकवले तेच दहा.
सातव्याला घाम फुटायचा.
आठवा नेहमी हातातून निसटायचा
आणि तो मला उचलता यायचा नाही.

संडासासाठी शेषरावांनी
जुन्या खुर्चीची बैठक कापली,
काठाला सुतळी गुंडाळली, घट्ट, एकेक वेढा,
स्वतः बसून पाहिलं.
मग बाहेर येऊन म्हणाले, टोचत नाई.
इतकं गोड हा माणूस लग्नातही बोलला नव्हता.

रात्री दोन मांड्यांमध्ये उशी.
कूस बदलायची तर त्यांना हाक.
रात्रपाळीची लाइन आल्यावर
ओलितासाठी उठावं तसे ते उठतात,
दिवा न लावता,
मला या दांडातून त्या दांडात वळवतात
आणि पाणी धरलं का बघावं
तसे थोडा वेळ उभे राहतात.

एक जुनं रजिस्टर घरीच राहिलं होतं.
आधाराने उभं राहतं.
आधार धरून चालतं.
आधाराशिवाय दोन पावलं.
शेवटच्या कोऱ्या ओळीत लिहिलं:
पंचफुला शेषराव मेश्राम, वय त्रेसष्ट,
वजन अठ्ठावन्न, श्रेणी साधारण.
बरोबरच्या खुणा मात्र
पेन्सिलने केल्या. खोडता याव्यात म्हणून.

सहाव्या आठवड्यात ओट्याच्या तीन पायऱ्या.
चढताना चांगला पाय पुढे, उतरताना नवा.
तिथून निंबापर्यंत.
निंबाखाली बाया तूर पाखडत बसलेल्या,
गुडघे छातीशी, सुपं मांडीवर,
जशी मी बसायचे, त्यांच्यातच, डावीकडे.
आता त्या खाली आणि मी वर,
काठीवर, झेंड्यासारखी.
कोणाच्या सासूचं, कोणाच्या गायीचं
खालच्या खाली बोलणं चाललं होतं.
मग रंभा कुमरे उठली, कंबर सरळ करत.
म्हणाली, मान दुखते बापा वर पाह्यता पाह्यता.
तिच्यामागे अजून दोघी.
बसून सांगायच्या गोष्टी
आम्ही उभ्याने सांगितल्या. जरा मोठ्याने झाल्या.

आता वॉकरवर टॉवेल वाळतात.
समोरच्या अंगणात गुंजन,
तेरा महिन्यांची, खरा पांगुळगाडा घेऊन.
मी काठी घेऊन इकडून, ती तिकडून.
मध्ये कोंबड्या.
काल तिने गाडा सोडला.
एक पाऊल. दुसरं, तिरपं.
मी रजिस्टरच्या आवाजात म्हणाले, शाब्बास.
ती माझ्याकडे बघून हसली
आणि भदकन बसली, धुळीत,
फतकल मारून, विचारही न करता.

चालण्याचं कौतुक सगळ्यांनी केलं.
मी तिचं बसणं बघत राहिले.